इमामभाईची शिकेकाईची वडी

नळदुर्गाच्या बाजारात इमामभाई अत्ताराकडं डोकं धुवायची वडी घ्यायला गेलं, की तो आधी हात पुढं करायचा. पैशासाठी नाही. गुंतवळासाठी.

गुंतवळ म्हणजे फणीत अडकून येतात ते केस. बाया त्याची गुंडाळी करून भिंतीच्या भोकात खोचून ठेवतात आणि सुया-मणी विकणारी बाई दारावर आली की तिला देऊन सुया घेतात. इमामभाईला ते बघायला लागायचं. घरातल्या ज्या बाईला वडी पाहिजे तिचं गुंतवळ आणा, नाहीतर चालते व्हा. चांगले मिशाळ गडी कागदाच्या पुडीत बायकोचे केस बांधून, इकडंतिकडं बघत त्याच्या फळीशी उभे राहायचे. मीही त्यातलाच. सडकेच्या कामावर मुकादम होतो, माझी हाक माळाच्या त्या टोकाला ऐकू जायची. पण खिशात सोजरच्या केसांची पुडी असली की माझा आवाज बसायचा.

इमामभाई पुडी सोडायचा, केस उजेडाला धरायचा, दोन बोटांत ताणून बघायचा, वास घ्यायचा. मग विचारायचा, "पानी कंचं?"

"म्हंजी?"

"अरे भई, डोकं धुता ते पानी. नदीचं का हिरीचं? आधी पानी सांगा, मग वडी."

वड्या तो स्वतः करायचा. दुकानामागं चुलीवर तेलाचा साबण शिजवायचा, त्यात शिकेकाई-रिठ्याचा काढा आटवून घालायचा आणि लाकडाच्या साच्यात वड्या पाडून सावलीत वाळवायचा. तेलकट केसाला रिठा जास्त घातलेली काळी वडी. कोरड्या केसाला मेथीची पिवळी. कोंडा, उवा असल्या तर कडुलिंबाच्या पाल्याची हिरवी. खाऱ्या विहिरीचं पाणी असलं तर वर ताकीद, "शेवटच्या तांब्यात लिंबू पिळा. न्हाई पिळलं तर बाल चिकट व्हतील, आन् मला शिव्या द्याल."

तालमीतला एक पैलवान वडी वीट घासावी तशी डोक्यावर घासायचा. इमामभाईनं ते नदीवर बघितलं आणि पाण्यात उतरून वडी हिसकावून घेतली. "ये क्या म्हशीचं डोकं हाय? तळहातावर फेस करा, फेस डोक्याला लावा. आन् झाल्यावर वडी पान्यात ठेवू नका, चाळणीवर ठेवा. तिलाबी वाळू द्या की!" पैलवान ओलाच उभा, एवढ्याशा अत्तारापुढं मान खाली घालून.

गंमत म्हणजे इमामभाईच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. कुणीतरी एकदा बोललंच, "इमामभाई, तुमच्या वडीचा तुमालाच गुण न्हाई व्हय?"

"हलवाई आपली जिलेबी आपन खातो का?" इमामभाई म्हणाला आणि टोपी सारखी केली.

हैदराबाद संस्थान विलीन झालं, त्याच्या मागंपुढं कधीतरी तो गुलबर्ग्याकडून एकटाच इथं आला होता. बायको नाही, लेकरू नाही. लग्नच केलं नसंल, असं गाव धरून चाललं होतं. बायांच्या केसांवर एवढं बोलणारा माणूस, पण समोरून बाई आली की नजर जमिनीला. माझ्या सोजरला त्यानं कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं. पण मला विचारायचा, "भाभी आजकाल जेवत न्हाईत का? टोकं सुकलीत." घरी येऊन विचारावं तर खरंच तिचा उपास चाललेला.

मग एका उन्हाळ्यात सोजर तापानं पडली. ताप उतरेच ना. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, सेवेला येऊन राहिली. तापात डोक्याला पाणी लावायचं नाही, फणी लावायची नाही, हा आक्काचा कायदा. दोन महिन्यांनी ताप उतरला, सोजर उठून बसायला लागली, आणि आक्काच्या ध्यानात आलं की मागच्या बाजूला केसांचा एकच गोळा झालाय, दोरासारखा वळलेला.

आक्कानं लगेच हात जोडले. "आई आली. जट हाय ही. हात लावू नगंस."

झालं. जटेला हळदकुंकू लागलं. गल्लीतल्या बाया येऊन सोजरच्या पाया पडायला लागल्या. जट आलेल्या बाईनं परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, हे पुढं ठरलेलंच. आक्का तर परडी आणायला तुळजापूरला जायची भाषा करायला लागली. सगळ्या गेल्यावर सोजर मला म्हणाली, "मला उताणं निजता येईना हो. उशीत दगड घातल्यागत टोचतंय. मला घरात राहायचंय, परडी घिऊन फिरायचं न्हाई. काय तरी करा."

मी काय करणार? खडी फोडून घेणं सोपं. देवीपुढं आणि आक्कापुढं माझं काही चालत नव्हतं.

बाजारात इमामभाईनंच हटकलं. "गोविंदराव, लई दिवस झाले, भाभीचं गुंतवळ न्हाई आलं?"

मी सगळं सांगितलं. त्यानं हातातली वडी फळीवर ठेवली. मग म्हणाला, "देवीचं मला काय ठावं? ते तुमी बघा. पन गाठीला टोक असलं, तर तो गुंता हाय. टोक शोधू द्या म्हनावं आक्काला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक नवीच मऊ वडी घेऊन माझ्या दारात. जवसाचा चिकट रस आणि जास्वंदीचा पाला घालून केलेली. आक्का उंबऱ्यात आडवी.

"तुमच्यात जट न्हाई येत. तुमाला काय कळतंय?"

"हौ आक्का, न्हाई कळत. तुमी सांगा, मी ऐकतो."

भांडायला आलेला माणूस ऐकतो म्हणाला की आक्काची पंचाईत होते. तेवढ्यात आतून सोजर बोलली, "आक्का, माज्या डोक्यावर देवी बसली आन् मलाच कशी कळंना, तुमाला कळली?"

आक्कानं अट घातली. कात्री लावायची नाही. एक केस कापायचा नाही. हातानं सुटली तर गुंता, नाही सुटली तर आई. आणि ती स्वतः हात लावणार नाही. गल्लीतल्या बायाही लावणार नाहीत, पाप लागंल म्हणून.

राहिलो मी.

इमामभाई ओट्यावर बसला, घराकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून. मी आत, सोजरच्या मागं. त्याच्या-माझ्या मधी पडदा.

"आधी कोमट तेल. जिरू द्या. आता वडी तळहातावर फिरवा. लावला फेस? आता टोकाकडनं. मुळाकडनं ओढू नका. भाभी वराडल्या तर तुमी मुळाकडनं ओढलं समजा."

"आई गं!" सोजर.

"म्हनलं ना! गोविंदराव, सडक न्हाई ती!"

सोजर हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ती आता नाही. परवाच्या चैतात गेली. माणूस गेल्यावर लोक सांगतात, चांगलं तेवढं आठवा. मला बाकीचं काही नाही, तिचं ते हसताना हलणारं डोकं हातात आठवतं, आणि मग भाकर ताटात तशीच राहते.

ऊन ओट्यावरून सरकलं तरी इमामभाई हलला नाही. आक्कानं भाकरी पुढं केली तर म्हणाला, "हात चालू हाय, मधीच कसं जेवू?" हात माझा चालू होता. दुपार कलताना मला पहिलं टोक सापडलं. बारीक, उंदराच्या शेपटीएवढं. मी ओरडलो. आक्का पळत आली, वाकून बघितलं, आणि पाण्याचा हंडा तापवायला गेली. गुरं माघारी यायच्या वेळेला शेवटची गाठ सुटली. आक्कानं स्वतःच्या हातानं केसांवर पाणी ओतलं. परडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी बाहेर येऊन ओट्यावर टेकलो. बोटं आखडून गेली होती.

"वेनी घाला," इमामभाई म्हणाला. "मोकळे ठेवले तर पुन्हा गुततील. ढिली तीन पेडाची घाला."

"मला येत न्हाई. आक्का घालंल."

"आक्का किती दिवस ऱ्हानार? शिका."

दाराच्या कडीला त्यानं सुतळीचे तीन पेड बांधले. मला दाखवलं. मी दोनदा चुकलो. मग त्यानं माझ्या हातातनं सुतळी घेतली आणि त्याचीच बोटं चालायला लागली. सुतळीकडं तो बघतही नव्हता. नजर रस्त्यावर आणि बोटं पळतायत. वाऱ्यानं दार जरा हललं. त्यानं दाराला हलकेच टपली मारली आणि म्हणाला, "हिलना नक्को, बेटा."

म्हणाला आणि थांबला.

मग त्यानंच सांगितलं. "जैनब. एका जागी बसायचीच न्हाई. पैदा झाली तवाच तिची आई गेली. मीच न्हाऊ घालायचो. शिकेकाईची भुकटी डोळ्यात जायची, लई रडायची. म्हनून वडी केली. वडी डोळ्यात जात न्हाई." त्यानं पुढचा पेड ओढला आणि म्हणाला, "शादी हैदराबादेत केली. तिचे सासरवाले कराचीला गेले, तिलाबी घेऊन गेले. आता तिथलं पानी कसं हाय, कुनाला ठावं."

वेणी संपत आली होती. शेवटचं टोक त्यानं चिमटीत धरलं होतं आणि तसाच बसून राहिला. सोडलं असतं तर वेणी उलगडली असती. बांधायला काही नव्हतं.

आतून सोजरचा आवाज आला. सगळं ऐकलं होतं तिनं. "माज्या पेटीतली तांबडी फीत हाय, ती भाईजानला द्या."

"आन् तुझ्या वेणीला?"

"मला सुतळी चालंल."

मी फीत आणून दिली. इमामभाईनं ती सुतळीच्या टोकाला गुंडाळली, दोन पाकळ्यांची गाठ मारली, पाकळ्या सारख्या केल्या आणि मगच चिमूट सोडली.

त्या दिवशी सोजर उताणी निजली. तिच्या वेणीला सुतळी होती.