तावडेकाकांच्या गणिताच्या बाई

लघवीला जायचं असलं की तावडेकाका मोबाइलला करंगळी दाखवतात.

आमचे दरवाजे समोरासमोर, आणि नालासोपाऱ्याच्या आमच्या इमारतीत उकाडा असा की काकांचा दरवाजा दिवसभर उघडाच. त्यामुळे हे मी स्वतः पाहिलंय. टेबलावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, त्यात कोणीतरी अपूर्णांक शिकवतंय, आणि समोर सत्तरीचे काका इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेत. करंगळी वर करतात, व्हिडिओ थांबवतात, मगच आत जातात.

"काका, त्यांना दिसत नाही," मी एकदा म्हटलं.

"मला दिसतं ना," काका म्हणाले.

शाळेत गणिताच्या मास्तरांनी त्यांना एकदा वर्गाबाहेर उभं केलं आणि, काकांच्या शब्दांत, "आत बोलवायचं विसरले." काकू गेल्या, मुलगी बंगळुरूला, घरात दुसरं माणूस नाही. तेव्हा काकांनी आपणच आत जायचं ठरवलं. पाचवीपासूनची पुस्तकं मोबाइलवर उतरवली आणि चांगला मास्तर शोधायला लागले. मुलीसाठी स्थळंही त्यांनी इतकी पारखली नसतील.

दोन सेकंदांत वर्गमूळ काढणारा एक तरुण पहिल्याच दिवशी बाद झाला. "घाई कसली? वर्गमूळ काय पळून जातंय?"

मग एक ॲप घेतलं. तेही काढून टाकलं. "उत्तर बरोबर आलं की फुगे उडवतात. मी काय बारशाला आलोय?"

तिसरे मास्तर छान शिकवत होते, पण बोलता बोलता 'हे तर सोपं आहे' म्हणून गेले. काकांनी त्यांना जागच्या जागी बंद केलं. "सोपं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

एका परदेशी मास्तरांवर मात्र त्यांचा जीव जडला होता. पायरी पायरीनं शिकवायचे, प्रत्येक धड्यामागे चाचणी. अडचण एवढीच, की ते अपूर्णांकासाठी पिझ्झा कापायचे. काकांनी बरेच दिवस पिझ्झ्याच्या जागी घावन धरून चालवलं. शेवटी कंटाळले. "अरे नितीन, घावनाचे आठ सारखे तुकडे कोण करतं? घावन तोडून खातात."

याच सुमारास जवळच्या निर्मळ गावाहून स्कूटरवर भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडे त्यांनी एक अष्टमांश किलो मिरच्या मागितल्या. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, "काकांना बरं नाय काय?"

आणि मग बाई सापडल्या. साधी साडी, भिंतीवरचा काळा फळा, मागे घरातला कुकर शिट्ट्या देतोय. शिट्टी झाली की बाई थांबायच्या. एक दिवस काका धावत माझ्याकडे आले.

"बाई चुकल्या."

"मग ही पण बाद?"

"बाद कशाला? चुकल्या, पुसलं, 'थांबा हं, परत बघू' म्हणाल्या. असं माणूस पाहिजे. कधी चुकतच नाही, तो चूक सुधारायला काय शिकवणार?"

बाई म्हणायच्या, "आता व्हिडिओ थांबवा आणि स्वतः सोडवून बघा." काका थांबवायचे. एका समीकरणापायी त्यांनी बाईंना दोन दिवस तसंच थांबवून ठेवलं. बाई हातात खडू धरून, डोळे अर्धवट मिटून पडद्यावर उभ्या. दुपारी जाऊन बघतो तर काका खिडकीचा पडदा ओढत होते. बाईंच्या तोंडावर ऊन येत होतं.

पुढे एका धड्यात बाईंना खोकला झाला. काकांनी व्हिडिओखाली लिहिलं, 'बाई, आलं-गूळ घ्या. गार पाणी नको.' रोज उघडून उत्तर बघायचे, आणि बाईंचं कसं असेल म्हणून मला विचारायचे. शेवटी मला सांगावं लागलं, "काका, हा व्हिडिओ आठ वर्षांपूर्वीचा आहे. खोकला कधीच गेला असेल."

"ते मला कळतं," काका म्हणाले. "पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. खाली बघ, कोणाचं अक्षर नाही."

खरंच कोणाचं नव्हतं.

एका रविवारी उत्तर आलं. काकांनी फोन माझ्या हातात दिला. "वाच. चष्मा सापडत नाहीये." चष्मा नाकावरच होता.

मी वाचलं. 'खोकला बरा झाला काका. कोणी बघत नव्हतं, म्हणून मी शिकवणं बंद केलं. तुम्ही कुठल्या धड्यावर आहात? अडलं तर विचारा.'

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाले, "लिही. दुसऱ्या धड्यावर आहे."

"काका, तुमचे सगळे धडे कधीच संपलेत."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तू दुसराच लिही. आणि लिही, की अडलंय."