मुंजाभाऊंचं इमान

मुंजाभाऊ माझ्या दुकानात चष्मा करायला आले, तेव्हा अक्षरांचा तक्ता वाचायच्या आधी त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. मग खुर्चीत बसून वरच्या ओळी वाचल्या. खालच्या येईनात, तेव्हा माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "खालची अक्षरं मुद्दाम बारीक केलीत तुमी. चष्मा खपावा म्हणून. कुठंतरी पाणी मुरायलंय."

हे त्यांचं पालुपद. परभणीच्या बाजारात माझ्या शेजारीच त्यांचं औषधांचं ठोक दुकान होतं. आसपासच्या गावांतले डॉक्टर आणि दुकानदार त्यांच्याकडून माल न्यायचे. माणूस व्यवहाराला चोख होता, पण विश्वास म्हणून कशावर नाही. चहा आला की आधी वास घ्यायचे. पोस्टमन हसला तर का हसला म्हणून अस्वस्थ व्हायचे, आणि नाही हसला तर जास्तच. दुकान बंद केलं की कुलूप ओढून पाहायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. एकदा मी सहज म्हणालो की तुम्ही जा, कुलूप मी बघतो. त्या दिवसापासून ते जाताना माझ्याकडेही वळून बघू लागले.

गोदामाची किल्ली त्यांच्या कमरेला. माल सगळा त्या एकाच गोदामात, त्यांच्या डोळ्यांपुढं. पेटी हवी असेल तर गावाहून माणसानं परभणीला यायचं, मुंजाभाऊ स्वतः उठून काढून देणार. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. कधी बंद पुकारला जाईल आणि एसटी कुठं अडकून पडेल याचा नेम नसायचा. बंद असला की गावागावांतले डॉक्टर हात चोळत बसायचे आणि मुंजाभाऊ भरल्या गोदामासमोर खुर्ची टाकून बसायचे. औषध आहे आणि ते रोग्यापर्यंत जात नाही, याची खंत त्यांना होती. पण उपाय म्हणून माल दुसऱ्याच्या हवाली करायचा? ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

असा हा माणूस एकाएकी दुपारचा गायब व्हायला लागला.

जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागायचं. तासाभरानं यायचं ते डोळे लाल करून. बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी मटका म्हणालं, कुणी त्याहून वाईट. शेवटी त्यांच्या घरून वहिनीच माझ्या दुकानात आल्या. मला म्हणाल्या की भाऊजी, तुम्ही जरा मागं जाऊन बघा, मला काही बरं दिसत नाही.

मी गेलो. सगळ्या गावावर पाळत ठेवणाऱ्या माणसावर पाळत ठेवायची म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं. ते दर दहा पावलांवर मागं वळून बघत आणि मी दर दहा पावलांवर कुठल्या तरी दुकानातल्या बादल्या नाहीतर चपला न्याहाळत उभा राहत असे.

बसस्टँडमागं सलीमचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक अंधारी खोली, तीन टीव्ही, त्यांना जोडलेली यंत्रं आणि शाळा बुडवून आलेली पोरं. मुंजाभाऊ कोपऱ्यातल्या टीव्हीपुढं, धोतर सावरून, लाकडी बाकावर बसले होते. हातात बटणांची पट्टी, आणि मी करून दिलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

पडद्यावर एक नदी होती. नदीवरून एक बारकं विमान चाललं होतं. समोरून नावा यायच्या, हेलिकॉप्टरं यायची, त्यांना गोळ्या घालायच्या असा तो खेळ. नदीकाठी मधून मधून तेलाच्या टाक्या होत्या. टाकीवरून विमान नेलं की तेल भरायचं. नाही नेलं की काटा खाली यायचा आणि विमान पडायचं. मुंजाभाऊ गोळी कुणालाच घालत नव्हते. नाव आली की बाजूला व्हायचे, हेलिकॉप्टर आलं की बाजूला व्हायचे, आणि टाकी आली की वेग कमी करून तिच्यावरून सावकाश जायचे. पोरं हसत होती.

मला पाहून ते दचकले नाहीत. म्हणाले, "तुमी मागं हायत हे मला चपलाच्या दुकानापासून ठाऊक हाय. बसा."

मी बसलो. त्यांनी मला खेळ समजावून सांगितला. सुरुवातीला, पोरं आत काय करतात ते बघायला शिरले तेव्हा, त्यांना यंत्राचाही संशय आला होता. सलीमला सांगून त्यांनी टीव्ही मागून उघडायला लावला होता, आत कुणी तारा फिरवतोय का ते बघायला. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हे यंत्र कुणालाच फसवत नाही. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"इमान गोळीनं कमी पडतं, चष्मेवाले," ते म्हणाले. आमच्याकडं जुनी माणसं विमानाला इमानच म्हणतात. "गोळी चुकवता येती. पण टाकी लांब पडली, की संपलं. ज्यानं हा खेळ केला त्यानं टाक्या वाटंवर ठिवल्या, एका जागी न्हाई ठिवल्या. सगळं तेल खालच्या टोकाला ठिवलं असतं तर ह्या पोरांतलं एकबी पुढं गेलं नसतं."

मग त्यांनी बटणांची पट्टी खाली ठेवली. विमान पडलं. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

"माझं समदं तेल परभणीत हाय," ते म्हणाले.

पुढचा महिनाभर मुंजाभाऊ आजारी माणसासारखे दिसत होते. औषधं वाटेवर ठेवायची हे त्यांना पटलं होतं. पण औषध ठेवायचं म्हणजे माणसाकडं ठेवायचं, आणि माणूस म्हटलं की त्यांचा संशय आलाच. खेळातल्या टाकीला हात नव्हते, खिसा नव्हता, मेहुणे नव्हते. ते म्हणायचे की टाक्या मिळतील हो, पण त्या टाक्यांना घरंदारं असतात.

शेवटी जवळच्या झरी गावच्या एका डॉक्टरची निवड झाली. निवड म्हणजे काय, त्यांनी त्या गृहस्थाबद्दल झरीच्या न्हाव्याला, किराणावाल्याला आणि मारुतीच्या पुजाऱ्याला विचारलं. तिघांनीही चांगलं सांगितलं, म्हणून मुंजाभाऊंना आणखीच काळजी वाटली. तरी एके दिवशी सलाईनच्या बाटल्या आणि जलसंजीवनीच्या पुड्या यांच्या पेट्या त्यांनी टेम्पोत चढवल्या. डॉक्टरला निरोप दिला की लागलं तर वापरा, नाही लागलं तर परत घेईन. टेम्पो वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते. मुलगी सासरी निघाल्यावर बाप उभा राहतो तसे.

त्यानंतर आठवड्याला एकदा ते एसटीनं झरीला जायचे. पेट्यांना हात लावून यायचे. डॉक्टर समजूतदार होता, त्यानं कधी विचारलं नाही.

भादव्यात पाऊस लागला आणि ओढ्यांना पूर आला. झरीचा रस्ता बंद झाला. त्यातच बातमी आली की झरीच्या पुढच्या एका वस्तीवर हगवण-उलट्यांची साथ सुरू झालीय, पुराचं पाणी विहिरीत शिरलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची वस्ती होती ती, लेकुरवाळी. मुंजाभाऊ दुकानात येरझाऱ्या घालत होते. मी त्यांना म्हणालो की पेट्या आहेत ना तिथं. ते म्हणाले, हायत का न्हाईत कुणाला ठाऊक.

पाणी ओसरल्यावर डॉक्टर स्वतः आला. दाढी वाढलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं सांगितलं की पेट्या बैलगाडीतून वस्तीवर नेल्या, झाडाच्या फांद्यांना बाटल्या टांगल्या, एकही माणूस गेला नाही. परभणीला यायची वाट बघितली असती तर निम्मी लेकरं हाती लागली नसती, असंही म्हणाला. मुंजाभाऊंनी सगळं ऐकलं. चहा मागवला. कप स्वतः उठून त्याच्या हातात दिला.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणालो की आता दुसरी टाकी सेलूला ठेवा. कापसाचा बाजार आहे, रेल्वे आहे, तिकडून बरीच गावं जवळ पडतात. आणि सेलूला तुमचा भाऊच आहे.

हे बोलायला नको होतं. मुंजाभाऊंचा धाकटा भाऊ अंकुश पूर्वी याच दुकानात त्यांच्यासोबत बसायचा. महागड्या इंजेक्शनांचं एक खोकं नाहीसं झालं आणि मुंजाभाऊंनी अंकुशवर आळ घेतला. अंकुश त्याच दिवशी बायकोला घेऊन सेलूला गेला आणि तिथं स्वतःचं औषधांचं छोटं दुकान टाकलं. त्यानंतर दोघांचं येणं-जाणं तुटलं. बाजारात सगळ्यांना माहीत होतं, पण मुंजाभाऊंसमोर त्याचं नाव कुणी काढत नसे. मी काढलं, आणि ते उठून आत गेले.

दिवाळीनंतर एका सकाळी ते माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. धुतलेलं धोतर, बगलेत एक पेटी. म्हणाले, "सेलूला चलता का? एकट्यानं जाववंना."

गाडीत पेटी त्यांनी मांडीवरच धरून ठेवली. अंकुशच्या दुकानासमोर चार-पाच गिऱ्हाइकं होती. मुंजाभाऊ त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. अंकुशनं त्यांना पाहिलं, पण पुड्या बांधत राहिला. एकेक गिऱ्हाईक गेलं. मग दोघं भाऊ समोरासमोर आले. अंकुशचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

"काय पायजे?" अंकुशनं विचारलं.

"माल ठिवायचाय. तुझ्याकडं."

"चोराकडं?"

मुंजाभाऊंनी पेटी काउंटरवर ठेवली. "खोकं सापडलं होतं," ते म्हणाले. "तू गेल्यावर थोड्याच दिसांनी. कापसाच्या गठ्ठ्यामागं पडलेलं. मीच ठिवलं होतं आन् मीच इसरलो."

अंकुश त्यांच्याकडं बघतच राहिला. "तवाच कळालं व्हतं तुमाला, दादा?"

"तवाच."

"मग सांगितलं का न्हाई?"

मुंजाभाऊंनी चष्मा काढला. "कोणत्या तोंडानं सांगू. लोक म्हणले असते, एवढ्या माणसांत नेमका सख्ख्या भावावरच शक घेतला. म्हणून मग मी समद्यावरच घ्यायला लागलो. म्हणलं, लोकांना वाटू दे, माणूसच शक्की हाय. पुढं पुढं ती सवयच पडली."

रस्त्यावरून सरकीच्या पोत्यांनी भरलेली एक गाडी गेली. मग अंकुशनं काउंटरची फळी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. मुंजाभाऊ वाकून आत गेले. मागच्या खोलीचा पडदा हलला आणि भांड्यांचा आवाज आला.

मी बाहेरच थांबलो. तेवढ्यात एक म्हातारी आली, तिला तापाच्या गोळ्या हव्या होत्या. आतून कुणी येईना. मी तिला माझ्या शेजारी पायरीवर बसायला सांगितलं. म्हणालो, जरा दम धरा आजी, मालक घरातल्या माणसाशी बोलायलेत.