मगर नसलेला दरवाजा

त्या दिवशी आमच्या दारावर मगर होती, असं मला पक्कं आठवतं. म्हणजे आठवायचं. आता सत्त्याहत्तरावं लागल्यावर ‘पक्कं’ हा शब्द मी जपून वापरतो. (बायको म्हणते, पूर्वीच वापरायला हवा होता.)

चाळीस वर्षं कैरोत प्राचीन शिलालेख शिकवून मी नुकताच अस्वानजवळच्या आमच्या नूबियन गावी परतलो होतो. पुतण्या सिराज पर्यटकांना सकाळी फिले बेटावरचं इसिस देवीचं मंदिर दाखवायचा आणि दुपारी गावातल्या एखाद्या घरी जेवायला आणायचा. त्या दिवशीची पंगत आमच्याकडे होती. पाहुणे खूश झाले, तर दर आठवड्याचं जेवण आमच्या घरी ठरणार होतं. गावातल्या बायका माझ्या बायकोला, नबराला, ‘कैरोची मडम’ म्हणून चिडवत, हिला चूल तरी पेटवता येते का, असं विचारत. त्यामुळे ती इरेला पेटली होती.

नेमका सकाळी सिराजचा घसा बसला.

“मंदिराची माहिती मी सांगतो की!” मी म्हणालो. एवढंच माझं चुकलं.

“एक वाजता घरी या,” नबराने बजावलं. “इसिस देवीने नवऱ्याचे तुकडे शोधून जोडले म्हणे. उशीर केलात, तर मी उलट क्रमाने सुरू करीन.”

फिलेला पहिल्याच खांबावर मी दीड तास बोललो. एक डच आजीबाई खाली बसल्या. मला वाटलं, भारावल्या. होडी गावाला लागली तेव्हा तीन वाजले होते.

एरवी मी घरी वरच्या रस्त्याने रिक्षातून येई. नदीकडून पाहिलं, तर सगळी गल्ली एकसारखी निळी. पण खूण सोपी होती: आमच्या दारावर, नजर लागू नये म्हणून, पेंढा भरलेली मगर टांगलेली असते. पहिल्या घरावर मगर नव्हती. तिथे सिराज माझी बाही ओढून भिंतीकडे बोट दाखवू लागला. मुलाला ज्ञानाची गोडी लागली, असं वाटून मला भरून आलं. मी पाहुण्यांकडे तोंड करून दहा मिनिटं बोललो. “भिंती बोलतात. वाचणारी नजर हवी!” डच आजीबाईंनी फोटो काढला. सिराजने कपाळ धरलं.

मग मी निर्धाराने सगळ्यांना शेजारच्या, मगरवाल्या दारात घुसवलं.

ते माझ्या बहिणीचं, शायाचं घर निघालं.

“ये दादा! वाट चुकलास की अक्कल आली?”

“शाया, हे नबराचे पाहुणे आहेत.”

“उंबरा कुणाचा ओलांडला?”

“तुझा.”

“मग पाहुणे कुणाचे? बस खाली.”

तोवर अंबाडीच्या फुलांचं लालभडक सरबत बाराही पाहुण्यांच्या हातांत पोचलं होतं. उंबरा ओलांडलेला माणूस आमच्याकडे उपाशी उठत नाही. शायाच्या घरी तर पोटभर जेवूनही लवकर उठत नाही.

एवढ्यात अंगणाच्या भिंतीवरून नबराचं डोकं वर आलं. शेजारी डावही.

“अहो डॉक्टर, नणंदेचा मासा कसा झालाय?”

(घाबरलो की मला भूक लागते. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो.)

पण मी हार मानणार नव्हतो. जेवणं होताच पाहुण्यांना उठवून मी आमच्या घरी नेलं. नबराने वाळवलेल्या भेंडीचं कालवण वाढलं. त्यांनी बोट बुडवून बोट चाटलं. आजीबाई चटईवरच घोरू लागल्या. आठवड्याचं जेवण शायाकडे गेलं.

पाहुणे गेल्यावर नबरा म्हणाली, “मगरीला वाळवी लागली होती. सकाळी तुम्ही गेल्यावर ती काढून मी तिथे भिंतीवर तुमचं नाव रंगवलं. अरबीत, इंग्रजीत आणि तुमच्याच वहीत बघून त्या चित्रलिपीत. तीन तास शिडीवर होते. जगातल्या सगळ्या भिंती वाचता, आणि घरची?”

“चित्रलिपीत काहीतरी चुकलं असणार,” मी म्हणालो. “अशुद्ध मजकुरावरून माझी नजर आपोआप घसरते.”

तिने त्याच संध्याकाळी भिंतीला चुना फासला. पुरावाच उरला नाही, म्हणून मी सहा वर्षं हा सिद्धांत निर्धाराने मांडत राहिलो.

सहाव्या वर्षी हॉलंडहून टपालाने फोटो आला. सिराज दोन्ही हातांनी भिंतीकडे दाखवतोय. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं आहेत. त्यांच्याकडे पाठ करून, बोट वर करून मी उभा आहे.

मी भिंग आणलं. तीनदा तपासलं. तिन्ही लिप्यांत एकही चूक नव्हती.