परबकाकूंचा ल

आमच्या चाळीतल्या परबकाकू दुकानात शिरण्याआधी रस्त्यातच थांबून वरचा बोर्ड बघतात. वाचत नाहीत, बघतात. अक्षर पसंत पडलं तरच आत पाऊल टाकतात. मुलुंड स्टेशनजवळच्या एका वाण्याकडे तूरडाळ चांगली मिळते, पण काकू तिथे जात नाहीत. म्हणतात, "ज्याच्या 'क'चं पोट एवढं वाकडं, त्याचा तराजू सरळ कसा असेल?" आणि जिथलं अक्षर देखणं, तिथली किडकी डाळ आणून तासभर निवडत बसतात.

"हात कोणाचा?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. बोर्ड बघून विचारतात, रांगोळी बघून विचारतात, एकदा माझं लोणचं चाखूनही विचारलं.

त्यांचे यजमान केशवराव बोर्ड रंगवायचे. मुलुंड ते घाटकोपर त्यांचं अक्षर ओळखू यायचं. एकेक अक्षर ते जाड कागदावर काढायचे आणि त्याच्या कडेने सुईने भोकं पाडायचे. त्या कागदाला खाका म्हणतात. खाका बोर्डावर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की खाली ठिपके उमटतात. ते जोडले की अक्षर तयार. केशवराव गेले, तेव्हा काकूंकडे अशा खाक्यांची एक पत्र्याची पेटी राहिली.

पेंटर लोक खाके मागायला येऊ लागले. काकू द्यायच्या, पण आधी साबणाने हात धुवायला लावायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. अट एकच. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक लिहायचं, 'अक्षर : परब'.

दिनू पेंटर 'ल' घेऊन गेला आणि दोन दिवसांत त्याने तो परत दिला. मग आमच्या भागात मंगल, शीतल, निर्मल असे नवे बोर्ड झळकू लागले. कोपऱ्यात परब नाही. खाली ठसठशीत 'दिनू आर्ट्स'.

काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी लांबून त्यांनी ओळखलं. "हा आमच्या ह्यांचाच हात गो!"

दिनूने कानावर हात ठेवले. "माझं स्वतःचं अक्षर आहे, काकू. आईशप्पथ."

चाळीत वाद पेटला. कोर्टात कारकून असलेले सावंत भाऊजी म्हणाले, "पुस्तक लिहिणारा गेला तरी त्याचा हक्क काही वर्षं घरच्यांकडे राहतो. अक्षरांचं काय, मला ठाऊक नाही."

"पुस्तकाला हक्क, आणि ते ज्या अक्षरांत छापतात त्यांना नाही?" काकू म्हणाल्या. "हा कुठला न्याय, भाऊजी?"

"अहो, पण 'ल' काय केशवरावांनी शोधला?"

"शोधला नाही. पण असा कोणी वळवला होता, दाखवा!"

भाऊजी चहा पिऊ लागले.

मी चौथीपर्यंतच शिकले. अजून एकेक अक्षर लावूनच वाचते. त्यामुळे शीतल रसवंतीपुढे उभी असताना मला दिसलं ते भराभर वाचणाऱ्यांना दिसलं नसावं. 'ल'च्या पायाशी, उजवीकडे, एक बारीक ठिपका होता. मंगलवरही तो. निर्मलवरही तिथेच. घरी येऊन काकूंना हळूच सांगितलं.

पेटी उघडून त्यांनी 'ल'चा खाका माझ्या हातात दिला. सुईच्या भोकांपासून जरा दूर, पायाशी उजवीकडे, एक जळकं भोक होतं.

"ह्यांच्या विडीची ठिणगी," त्या म्हणाल्या. "तिथला ठिपका हे दर वेळी बोटाने पुसून टाकायचे. नक्कल उतरवताना त्या मेल्याला काय माहीत!"

दुसऱ्या दिवशी कमल ड्रेसेसचं उद्घाटन होतं. नव्या बोर्डाखाली दिनू हातात नारळ घेऊन उभा. मालक कौतुक करत होते, "काय झकास अक्षर काढलंय!" काकू सरळ गर्दीत शिरल्या. मागे मी, खाका छातीशी धरून.

"दिन्या, 'ल'च्या पायाशी तो ठिपका कसला रे?"

"ती स्टाइल आहे, काकू. पोराच्या गालाला तीट लावतात ना, तशी. दृष्ट लागू नये म्हणून."

"तुला सुचली?"

"मग कोणाला?"

काकूंनी दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर खाका धरायला मला सांगितलं आणि पदराआडची पुरचुंडी आपटली. कागद काढला. भिंतीवर 'ल' उमटला, आणि पायाशी उजवीकडे ठिपका. लोकांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे. मग असा हशा पिकला, की मालक नवी भिंत काळी झाल्याचं विसरले.

दिनू लाल झाला. "बरं, घेतलं. पण केशवकाकांना जाऊन किती वर्षं झाली! गेलेल्या माणसाचा कसला हक्क?"

"मग गेलेल्याचं काढतोस कशाला? तू जिवंत आहेस ना? तुझं काढ!"

टाळ्या पडल्या. सावंत भाऊजींनी सर्वांत जोरात वाजवल्या. दिनू तिथल्या तिथे शिडीवर चढला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'अक्षर : परब'. खाली उतरून काकूंच्या पाया पडला. "बाकीच्या बोर्डांवर उद्याच लिहितो. आणि ते ठिपकेही पुसून टाकतो."

"ठिपक्याला हात लावशील तर याद राख!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या, की मीच दचकले.

परतताना मी कारण विचारलं.

"हे फार कमी हसायचे गो. त्या दिवशी मी काहीतरी बोलले आणि हे एवढे हसले, की तोंडातली विडीच पडली कागदावर."

"काय बोललात?"

"ते तुला कशाला सांगू?" म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत हसल्या.

आता कोथिंबिरीची जुडी आणायची तरी आम्ही लांबच्या वाटेने जातो. प्रत्येक बोर्डाखाली काकू विचारतात, "आहे ना गो?" मी म्हणते, आहे.

परवा दिनू विमल स्टोअर्सचा बोर्ड रंगवत होता. कोपऱ्यात परब आधीच लिहिलेलं. काकूंनी विचारलं, "आहे ना?"

मी नीट पाहिलं. 'ल'चा पाय स्वच्छ होता. मी नाही म्हणून मान हलवली.

भर रस्त्यात कंबरेवर हात ठेवून काकूंनी हाक मारली, "ए दिन्या! ठिणगी राहिली! चढ परत वर!"