डाव्या स्केटचा जबाब

आमच्या तालुक्यात रोलर हॉकीच्या सामन्यात स्केटला लागून गोल झाला, की स्केटचा जबाब घेतात. चेंडू चुकून लागला असेल तर गोल धरायचा, स्केटने मुद्दाम मारला असेल तर नाही, असा नियम आहे. पूर्वी खेळाडूंना विचारायचे. खेळाडू सरसकट "चुकून" म्हणतात, म्हणून ते बंद झालं.

अंतिम सामन्यात दोन-दोन बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला आमच्या शर्वरी मगदूमच्या डाव्या स्केटला लागून चेंडू जाळ्यात गेला. बरोबरी सुटली नाही तर चषक गतवर्षीच्या विजेत्यांकडेच राहतो. आमच्या क्लबला तो अठरा वर्षांत एकदाही मिळालेला नाही. मी त्या क्लबचा प्रशिक्षक, तेव्हा माझा जीव किती टांगणीला लागला होता ते वेगळं सांगायला नको.

पंच अथणे सरांनी रीतीप्रमाणे टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर स्केट ठेवला आणि चाकं थांबेपर्यंत वाट पाहिली. चाक फिरत असताना दिलेला जबाब दबावाखालचा धरतात. शर्वरी एका पायात स्केट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशी शेजारी उभी होती.

"चेंडू कसा लागला?" सरांनी विचारलं.

"लागला न्हाई, मारला," स्केट म्हणाला.

मी घसा खाकरला. "अरे, नीट आठव की जरा. गर्दीत धक्का बसला असंल."

"धक्का न्हाई, काय न्हाई. सात वर्षं तीन पोरींच्या पायात फिरलो. चांगलं झालं की स्टिकनं केलं, आन् माझ्याकडनं झालं की चुकून! ह्यो गोल मी बघून मारलाय. तसंच लिवा."

"गोल रद्द हुईल, कळतंय का?" मी विचारलं.

"कळतंय. पर मारला मीच."

सरांनी लिहिलं: जाणूनबुजून. गोल गेला, चषकही गेला. मला आधी संताप आला आणि मग, खरं सांगतो, ऊर भरून आला. आमच्या क्लबात इतक्या ताठ मानेनं आजवर कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

जबाबावर मालकाची सही लागते. शर्वरीनं डोळे पुसले, कागद दोनदा वाचला. मग 'मालक' हा शब्द खोडून वर 'सहखेळाडू' लिहिलं आणि सही केली.

अथणे सरांनी कागद पाहिला आणि परत तिच्यापुढे सरकवला.

"खोडलंयस, तिथंही सही कर," ते म्हणाले.

तिनं केली.