पऱ्यापलीकडचं माहेर

आमची ही शेवटची माहेरी गेली ती सकाळी, आणि पेजेच्या वेळेला परत आली. माहेर म्हणजे कासारमाळ. मध्ये एक पऱ्या, पावसाळी ओढा. वैशाखात त्याला पाणी नसतं, चार दगड ओलांडले की पोचलं. इथून हाक मारली तर तिचा भाऊ तिकडून ओ देईल.

तरी जाताना हिने ठेवणीतलं लुगडं नेसलंन, कुंकू रेखलंन, गाठोडं बांधलंन. गाठोडं पऱ्यापर्यंत मी न्यायचं अशी शिस्त. त्या दिवशीही नेलं. तिथे उभी राहून म्हणाली, "संबाळून ऱ्हावा. पेज झाकून ठेवलेली हाय. मी नाय म्हणून उपाशी बसू नका."

"घटकाभरात येशील ना?"

"माहेराला निघालेल्या बायकोला असा इचारतात काय?"

येताना ओटीत नारळ-तांदूळ घेऊन आली, लुगडं बदललंन, आणि आम्ही पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसलो. मी सालं काढत होतो, ती मीठ लावत होती. मीठ जास्त झालं असं मी म्हटलं. तिने नेहमीसारखं ऐकलं नाही.

हे माहेरचं वेड तिला पहिल्यापासून नव्हतं. ते सरकारने लावलं.

आमचा रातांबकोंड. कोंड म्हणजे डोंगराच्या बगलेतली लहानशी वस्ती. सात घरं होती आणि कागदात वेगळा गाव म्हणून नाव होतं. तापाच्या साथीत माझे आईबाप, भाऊ गेले, चार घरं बसली, दोन घरांतली माणसं मुंबईला गिरणीत गेली. उरलं आमचं एक. पोरबाळ आम्हाला झालं नाही. एका घराचा गाव सरकारच्या डोळ्यात खुपला. हुकूम आला: रातांबकोंड कमी करून कासारमाळात सामील केला आहे. हुकूम देवळासमोर वाचला कासारमाळच्या पोलीस पाटलाने. पाटील म्हणजे हिचाच धाकटा भाऊ, गणू.

मला काय, भात तेच, फणस तोच. हिने मात्र पदर खोचलान.

"गणू, म्हंजे मी आता कंच्या गावात ऱ्हाते?"

"कासारमाळात, आक्का."

"कासारमाळ माझा माहेर. मी काय माहेरात येऊन बसलेली बाय? मना काय नवऱ्याने टाकलीन हाय?"

"भावजी हायत की तुझ्यासंगती."

"म्हंजे ते घरजावई?"

सगळा गाव हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

तिथून सुरू झालं. मोजणीचे शिपाई आले नि सीमेचा दगड उपटून गेले. हिने तो मला पुन्हा रोवायला लावलान. त्यांनी परत उपटला, मी परत रोवला. तिसऱ्या खेपेला शिपाई म्हणाला, "म्हातारे, ठेव तुझा दगड, माझी कंबर गेली." तेव्हापासून दगडाला दर दसऱ्याला चुना. शिमग्यात कासारमाळची पालखी आमच्या दारी आली की ही दगडापर्यंत सामोरी जायची. "माहेरचा देव पावणा आलाय," म्हणायची. पालखीवाले दोन पावलं मागे सरायचे आणि मग पाहुण्यासारखे पुढे यायचे. कोण वाद घालणार?

एकदा पाणंदीत एकाने मला हटकलं, "काय घरजावई, जेवलास काय?" मी खाली बघून पुढे झालो. मागून ही येत होती.

"माझा नवरा आपल्या बापाच्या घरात जेवतो," म्हणाली. "तू आपल्या बापाचा घर आधी शाकार. पावसात भांडी मांडून बसतास!"

बाईला मिजास फार, असं मी धरून चाललो. चिडून एकदा म्हटलं, "मेल्यावर तरी कुठल्या गावची ते ठरव."

"ठरलेला हाय. मी सवाष्ण मरेन, सासरी मरेन. लुगडा माहेरातून येईल. आणि तो आणणारा पलीकडल्या गावातून आला असा दिसला पायजे."

तर त्या दिवशी रातांब्यांची अर्धी पाटी उरली होती. "जरा पाठ टेकते," म्हणाली. टेकलीन, ती पुन्हा उठली नाही.

गणू लुगडं घेऊन आला. सीमेच्या दगडापाशी थांबला, वहाणा काढल्यान, नि तिथूनच म्हणाला, "भावजी, माहेरची माणसा आलीत. येव काय?" पाटील माणूस, हुकूम स्वतः वाचलेला. मी हाताने या म्हटलं.

उन्हं होती तोवर सगळं आटपलं. परतताना गणू म्हणाला, "साथीत तुमची माणसा गेली तवा बाबांनी तुमाला दोघांना आमच्याकडं ऱ्हायला बोलवलेला. आक्का नको बोलली."

"मला नाही बोलली कधी."

"बोलली, त्यांचा आता कोण नाय, गाव तरी ऱ्हावंदे. घरजावई म्हणून कोण हसला तर ते भांडायचे नाहीत. मनातल्या मनात झुरतील. हुकूम आला तवा पण माझ्या घरी येऊन तेच बोलली. रडली."

देवळासमोर मी हसलो होतो, ते तिने बघितलं होतं. त्यावरून मला एक शब्द बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्या ओलांडून गणूच्या पडवीत गेलो. त्याने मयताच्या नोंदीची वही उघडलीन. नाव, वय, आजार लिहिलान. मग गावाचा रकाना आला नि टाक थांबला.

"भावजी, वही तालुक्याला जाते. कासारमाळच लिवायला होवा."

"लिही," म्हटलं.

लिहिलंन. खाली खबर देणाराची सही. लोक अंगठा देतात. मी तीन यत्ता शिकलेला. टाक घेतला, माझं नाव लिहिलं, आणि पुढे जागा होती तिथे लिहिलं, राहणार रातांबकोंड. बराच वेळ लागला.

गणूने वाचलंन. खोडायला हात पुढे केला नाही. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसला.