मातीला न लागलेला चेंडू

ओहायोतल्या एका लहान गावच्या बेसबॉल मैदानावर शनिवारी दुपारी पिचरने फेकलेला चेंडू कॅचरच्या पुढ्यात मातीवर आपटला, उसळून मागे गेला, आणि तेवढ्यात पाहुण्या संघाने विजयी धाव काढली. असा चेंडू कुणाच्या माथी मारायचा हे अधिकृत स्कोअरर व्हर्नाबाई ठरवत. नियम सरळ होता: मातीला लागला तर दोष पिचरचा, साध्या प्रयत्नात अडवता आला असता तर कॅचरचा. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेल्या बाईंनी तो पिचरच्या नावावर टाकला.

पिचर ट्रेंट एकोणीस वर्षांचा. सोमवारी मोठा संघ त्याला उचलणार होता. कॅचर लूथर पिकेट अडतीसचा. आणखी एक चूक नावावर चढली की त्याला नारळ मिळणार होता.

यजमान संघाचा मॅनेजर वॉल्डो डोनट घेऊन वर स्कोअररच्या खोलीत आला. निकाल बदलायला अजून मुदत आहे, याची त्याने अत्यंत आदराने आठवण करून दिली.

"मातीला लागला कशावरून?"

"खड्डा पडलाय की."

खड्डा एव्हाना बुजवून सपाट केला होता. बाईंनी चेंडूच मागवला. माती होती. पण सामन्याआधी प्रत्येक नव्या चेंडूला रीतसर चिखल चोळतात.

"ही नियमातली माती आहे, बाई," वॉल्डो म्हणाला. "मैदानातली कुठली, तेवढी वेगळी काढून दाखवा."

मग क्लबची समिती बसली. लूथरने पोट खरवडून घेत झेप घेतली होती. झेप घेतली, त्याअर्थी चेंडू अडवता येईल असं त्याला स्वतःलाच वाटत होतं, असा निष्कर्ष निघाला. नुसता बसून राहता तर निर्दोष सुटला असता. पुढच्या मोसमात स्कोअररची खुर्ची कुणाला द्यायची हे अजून ठरलेलं नाही, असंही वॉल्डो जाता जाता म्हणाला. बाईंनी खाडाखोड करून सही केली.

संध्याकाळी लूथर सामान बांधून वर आला.

"व्हर्नाबाई, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं रे."

"मग?"

"पाहणाऱ्यासाठी या कागदावर रकाना नाही, लूथर."

बाईंना मनापासून वाईट वाटलं. उरलेला डोनट त्यांनी त्याला देऊ केला.

लूथरने अपील केलं आहे. त्याला एक साक्षीदार हवा आहे. चेंडू मातीवर आपटलेला तुम्हीही पहिल्याच ओळीत पाहिलात. सुनावणी मंगळवारी दुपारी आहे. येता का? नाही, काही काम असेल तर राहू द्या.